तिरका दांडा नसलेली इमारत उभी कशी राहते?

किराणा मालाच्या गोडाऊनमध्ये भोकाभोकांच्या लोखंडी अँगलचं रॅक तुम्ही पाहिलं असेल. चार उभे अँगल, पाच-सहा पत्र्याचे कप्पे आणि नटबोल्ट. नुसतं एवढंच जोडलं तर ते डुगडुगतं. हात लावला की सगळे चौकोन तिरपे होतात. मग दुकानदार दोनपैकी एक उपाय करतो. एक तर पाठीमागून तिरकी पट्टी मारतो, नाहीतर प्रत्येक कोपऱ्यात त्रिकोणी पत्रा बसवून बोल्ट आवळतो. पट्टी स्वस्त आणि खात्रीची. पण रॅक मधोमध ठेवून दोन्हीकडून माल काढायचा असेल तर पट्टी आड येते, आणि सगळी भिस्त कोपऱ्यांवर येते.

इमारतीच्या सांगाड्याचंही असंच आहे. तिरके दांडे, लिफ्टभोवतीच्या काँक्रीटच्या भिंती, हे सगळं त्या तिरक्या पट्टीचं काम करतं. पण मालकाला सलग काचेचा दर्शनी भाग हवा असतो, आर्किटेक्टला मधे भिंत नको असते, तळमजल्यावर गाड्या वळायला हव्या असतात. मग तिरकं काही न घालता फक्त बीम आणि खांब यांचे सांधे पक्के करून इमारत उभी करायची ठरते. हिला अनब्रेस्ड फ्रेम किंवा मोमेंट फ्रेम म्हणतात. बीम कंपोझिट आणि खांबही कंपोझिट असतील तर तिच्या स्थैर्याचा हिशोब बराच चकवणारा होतो. तो का, हेच या लेखात सांगायचं आहे.

आधी कंपोझिट म्हणजे काय ते. पोलाद आणि काँक्रीट यांना एकाच जुवाला जुंपलं की झालं कंपोझिट. पोलादी बीमवर नालीदार डेक शीट अंथरतात, त्यावर डोकं असलेल्या जाड खिळ्यांसारखे शिअर स्टड बीमला वेल्ड करतात (बहुधा १९ मिमी जाडीचे), आणि वर काँक्रीट ओततात. स्टडमुळे स्लॅब बीमवरून घसरत नाही, दोघं मिळून वाकतात. खांबांत दोन तऱ्हा आहेत. पोलादी खांबाला बाहेरून काँक्रीटचं आवरण घालायचं, किंवा पोकळ पोलादी नळी उभी करून तिच्या आत काँक्रीट भरायचं. या दुसऱ्या तऱ्हेत दोघांचं जमतं छान. नळीचा पत्रा आत पिचकायला बघतो तर आत काँक्रीट उभं असतं. काँक्रीट फुटून बाहेर यायला बघतं तर नळी त्याला धरून ठेवते. शटरिंगचा खर्च वाचतो तो वेगळाच.

आता पुन्हा रॅककडे. रिकाम्या रॅकला बोटाने ढकललं तर ते थोडं हलतं. त्याच रॅकवर तेलाचे डबे रचून तेवढ्याच जोराने ढकला. ते जास्त हलेल. जोर तोच, कोपरे तेच, मग जास्त का? कारण रॅक कललं की डब्यांचं वजनही त्याला त्याच दिशेने ओढायला लागतं. आपण ढकलून सुरुवात केली, पुढचं काम वजनानं हातात घेतलं.

आकडे घालून बघू. इमारतीचा एक मजला घ्या, उंची ४ मीटर. त्याच्या खांबांवर वरचं सगळं मिळून १,००० टन वजन. वाऱ्याने किंवा भूकंपाने ३० टनांचा आडवा जोर दिला आणि मजल्याचा माथा तळाच्या तुलनेत १२ मिमी सरकला. नेहमीचा सरळ हिशोब इथे थांबतो. पण आता ते १,००० टन १२ मिमी बाजूला गेलेत, म्हणजे १२,००० टन-मिमी इतकी जास्तीची उलथवणूक. मूळ आडव्या जोराची उलथवणूक होती ३० गुणिले ४,०००, म्हणजे १,२०,००० टन-मिमी. जास्तीची भर बरोबर दहा टक्के निघाली. जणू कुणी आणखी ३ टनांनी ढकललं. त्या ३ टनांनी मजला आणखी १.२ मिमी सरकतो. सरकला की वजनाची भर पुन्हा वाढते, आणखी ०.१२ मिमी. मग ०.०१२. सगळं मिळून १३.३ मिमीवर गाडी थांबते.

हे सावकाराचं चक्रवाढ व्याज आहे, फक्त फेऱ्या एका श्वासात संपतात. दर दहा टक्के असेल तर शेवटी अकरा टक्क्यांचा फटका. दर वीस असेल तर पंचवीस. दर पन्नास झाला तर सरकणं थेट दुप्पट. आणि दर शंभरावर गेला तर फेरा थांबतच नाही. आडवा जोर काढून घेतला तरी इमारत आपल्या वजनाने आपणच जाते. एकही वेल्ड सुटलेला नाही, काँक्रीटचा चाचणीचा एकही क्यूब फेल नाही, तरी. इंजिनिअर या प्रकाराला पी-डेल्टा म्हणतात. पी म्हणजे वजन, डेल्टा म्हणजे सरकणं.

या हिशोबात एक गोष्ट कुठेच आली नाही, ती म्हणजे पोलादाची ताकद. वजन आलं, उंची आली आणि मजला किती ताठ आहे ते आलं. ताकद आणि ताठरपणा यांची गल्लत साइटवर सर्रास होते. ई-२५० ऐवजी ई-३५० ग्रेडचं पोलाद घेतलं तर ताकद चाळीस टक्क्यांनी वाढते. ताठरपणा तसूभरही वाढत नाही, कारण कुठल्याही ग्रेडच्या पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे मालाच्या ताठरपणाचा आकडा, साधारण २,००,००० मेगापास्कलच असतो. उलट ताकद वाढली म्हणून कुणी सेक्शन बारीक केला, तर चौकट आणखी लुसलुशीत होते आणि व्याजाचा दर चढतो. ऑयलरने १७४४ मध्ये सडपातळ दांड्याच्या बकलिंगचं, म्हणजे दाबाखाली अचानक बाजूला वाकण्याचं, सूत्र दिलं, त्यातही ताकद नाहीच.

आयतोबा खांब

या विषयात सगळ्यात जास्त चुका कुठे होतात असं मला कुणी विचारलं तर मी इथेच बोट ठेवीन. मोठ्या इमारतीत सगळेच सांधे पक्के करणं महाग पडतं. म्हणून पुष्कळदा बाहेरच्या कडेच्या दोन-चार चौकटींचे सांधे पक्के करतात आणि आतले खांब बीमला साध्या बोल्टांनी अडकवतात. हे आतले खांब वजन पेलतात, पण कलायला लागले तर स्वतःहून उभे राहू शकत नाहीत. ते स्लॅबच्या मार्फत कडेच्या चौकटींवर रेलतात. इंग्रजीत त्यांना लीनिंग कॉलम म्हणतात. मी त्यांना आयतोबा म्हणतो.

तेव्हा वरच्या हिशोबातले १,००० टन हे फक्त कडेच्या चौकटींवरचे धरून चालत नाही. मजल्यावरचं सगळं वजन त्यात आलं पाहिजे, कारण मजला कलला की सगळंच बाजूला जातं. कडेच्या खांबांवर स्वतःचे ३०० टन असतील, तरी त्यांना आतल्या ७०० टनांचंही कलणं थोपवायचं असतं. कॉम्प्युटरवर नुसती कडेची एक चौकट काढून तिच्यावर तिचंच वजन ठेवलं की पी-डेल्टा अगदी किरकोळ दिसतो. आणि सॉफ्टवेअर काही ओरडत नाही. त्याला न दाखवलेले खांब त्याला ठाऊकच नसतात.

यावरून एक उलटं वाटणारं सत्य निघतं. जोराचं वादळ किंवा मोठा भूकंप येणाऱ्या भागातली मोमेंट फ्रेम स्थैर्याच्या बाबतीत बहुतेक वेळा निर्धास्त असते. तिथे सरकण्याची मर्यादाच सेक्शन जाड करायला लावते. आपल्या आयएस १८९३ या भूकंपाच्या संहितेत मजल्याच्या उंचीच्या ०.००४ पट, म्हणजे ४ मीटरला १६ मिमी, ही मर्यादा आहे. ती पाळता पाळता ताठरपणा आपोआप येतो. धोका असतो तो शांत हवामानात, जिथे आडवा जोर नगण्य आणि वजन भरपूर. गोदाम, ग्रंथालय, छापखाना. कडेला दोनच चौकटी, आत आयतोब्यांची रांग. तिथे आडव्या जोरासाठी चौकट जाड करायची पाळीच येत नाही, म्हणून ती मऊ राहून जाते.

खांब लांब मानायचा की चौकट वाकडी मानायची?

पूर्वी हा सगळा प्रश्न एका आकड्यात कोंबत असत. कल्पना अशी: तळाशी घट्ट आणि वर मोकळा असलेला खांब दुप्पट लांबीच्या, दोन्हीकडे बिजागरी असलेल्या खांबासारखा वागतो. म्हणून त्याची प्रभावी लांबी दुप्पट धरा. लांबी दुप्पट म्हणजे बकलिंगचा भार चौथाई. अनब्रेस्ड चौकटीतल्या प्रत्येक खांबासाठी असा एक गुणक, के, काढायचा. त्यासाठी तक्ता असे, दोन उभ्या रेघांवर वरच्या आणि खालच्या सांध्याचे आकडे शोधून पट्टी ठेवायची आणि मधल्या रेघेवर के वाचायचा. आपल्या पोलादी बांधकामाच्या संहितेच्या, आयएस ८०० च्या, परिशिष्टात आजही त्याचं सूत्र आहे.

हिकमत म्हणून ती झकास होती. पण तक्त्याच्या पोटात बऱ्याच अटी दडलेल्या होत्या: सगळं स्थितिस्थापक (भार काढला की पूर्ववत होणारं), सगळे खांब एकाच वेळी बकल होणार, आयतोबा कुणी नाही. खऱ्या इमारतीत यातलं काहीच धड नसतं. शिवाय के वापरून खांब तपासला तरी त्या कलण्यामुळे बीम, सांधे आणि पाया यांच्यावर जो जास्तीचा ताण येतो तो कुठेच दिसत नसे. खांब पास, आणि त्याला धरून ठेवणारा सांधा तपासलाच नाही.

अमेरिकन पोलाद संहितेने, एआयएससीने, २००५ मध्ये परिशिष्टात आणि २०१० मध्ये मुख्य प्रकरणात वेगळी वाट धरली. तिचं नाव डायरेक्ट अ‍ॅनालिसिस मेथड. तिचा विचार मला फार प्रामाणिक वाटतो. खांब आहे त्याच लांबीचा धरा, के म्हणजे १. त्याऐवजी चौकटीबद्दल दोन खऱ्या गोष्टी कबूल करा. एक, ती जन्मतःच थोडी वाकडी आहे. दुसरी, शेवटच्या घटकेला ती कागदावर दिसते त्याहून मऊ असणार आहे. हे कबूल करून पी-डेल्टासकट विश्लेषण चालवा, मग खांब, बीम, सांधे सगळ्यांवरचे ताण एकाच हिशोबातून बाहेर पडतात.

वाकडेपणा म्हणजे गवंड्याचा ओळंबाच. कितीही जपून उभारला तरी खांब नेमका ओळंब्यात नसतो. अमेरिकेत उभारणीला ५०० त १ एवढी सूट आहे, म्हणजे ४ मीटरला ८ मिमी. मॉडेलमध्ये खांब खरोखर तिरके काढा, नाहीतर प्रत्येक मजल्यावर तिथल्या वजनाच्या ०.००२ पट एवढा काल्पनिक आडवा धक्का द्या, दोन्ही एकच. मजल्यावर २५० टन असतील तर धक्का अर्ध्या टनाचा. युरोपची संहिता, युरोकोड, २०० त १ पासून सुरू करतो. उंची आणि खांबांची संख्या वाढली की कमी करायची मुभा देतो. आपली आयएस ८००:२००७ ०.५ टक्के सांगते, म्हणजे त्याच मजल्याला सव्वा टन. वारा-भूकंपाच्या जोडीला मात्र तो लावायचा नाही, असंही तीच सांगते.

आता मऊपणा. साध्या पोलादी चौकटीसाठी एआयएससी सगळा ताठरपणा ०.८ ने गुणायला लावते, आणि वाकण्याचा ताठरपणा भार मोठा असेल तर आणखी थोडा कमी करायला. कारण रोलिंग आणि थंड होण्याच्या वेळचे ताण पोलादात साठलेले असतात, त्यामुळे काही भाग ठरल्याआधीच शरण जातो.

काँक्रीटचा हिशोब कुणी सांगावा?

कंपोझिट खांब आला की मुळातच प्रश्न पडतो, ०.८ ने गुणायचं ते नेमकं कुठल्या आकड्याला? पोलाद भरवशाचं आहे, पण काँक्रीटचा ताठरपणा ही एक संख्याच नाही. एम-३० (३० मेगापास्कल ताकदीच्या) काँक्रीटचा गुणांक आयएस ४५६ या काँक्रीटच्या संहितेतल्या सूत्राने साधारण २७,४०० मेगापास्कल येतो, पोलादाच्या सातव्या हिश्शाच्या आसपास. पण खांब वाकला की एका बाजूला काँक्रीटला तडे जातात आणि तेवढा भाग कामातून बाद होतो. किती भाग, ते खांबावर उभा भार किती आणि वाक किती यावर ठरतं. उभा भार जास्त असेल तर काँक्रीट दाबलेलं राहतं, तडे कमी पडतात. म्हणजे इथे वजन चौकटीला पाडायलाही बघतं आणि खांबाला थोडं आवळूनही धरतं. भरीला काँक्रीट कायमच्या भाराखाली वर्षानुवर्षं हळूहळू आखडत जातं, ज्याला क्रीप म्हणतात. पहिल्या दिवशी ८ मिमी कललेला खांब काही वर्षांनी त्याहून जास्त कललेला असतो, काहीही वेगळं न घडता.

या प्रश्नावर अमेरिकेत पुष्कळ काम झालं. मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काँक्रीट भरलेल्या नळ्यांचे पूर्ण आकाराचे १८ सडपातळ खांब दाबून आणि वाकवून तपासले, आणि त्याच्या जोडीला कॉम्प्युटरवर असंख्य चौकटी मोडेपर्यंत ढकलल्या. त्यातून २०१६ च्या संहितेत कंपोझिट खांबांसाठी स्वतंत्र नियम आला. आधी परिणामी ताठरपणा काढायचा, त्यात पोलाद पूर्ण आणि काँक्रीट काटछाट करून. भरलेल्या नळीत पोलादाचं क्षेत्रफळ १० टक्के असेल तर काँक्रीटचा ७५ टक्के ताठरपणा धरायला मिळतो. पोलाद वाढलं तर जास्त, पण ९० टक्क्यांच्या वर कधीच नाही. मग आलेल्या बेरजेला ०.६४ ने गुणायचं, म्हणजे ०.८ दोनदा. साध्या पोलादी खांबात दुसरा गुणक भारानुसार बदलतो. इथे तो ०.८ वर खिळवून टाकला, ही मोठी सोय.

युरोकोड ४, म्हणजे युरोकोडचा कंपोझिट बांधकामाचा भाग, वेगळ्या शब्दांत जवळपास तेच म्हणतो: काँक्रीट निम्मं धरा, आणि सगळ्या बेरजेला ०.९ ने गुणा. क्रीपसाठी काँक्रीटचा गुणांक आधीच उतरवून घ्या. भारतात कंपोझिट बांधकामाची संहिता, आयएस ११३८४, १९८५ ची होती आणि तिची नवी आवृत्ती २०२२ मध्ये आली, म्हणजे तब्बल सदतीस वर्षांनी. मधल्या काळात आपल्याकडे डेक शीटवरच्या इमारती उभ्या राहतच होत्या.

बीमचीही तीच कथा. बीम मधे खाली वाकतो तिथे स्लॅब दाबला जातो, काँक्रीट जोमात काम करतं. खांबाजवळ स्लॅब ताणला जातो, तडकतो, आणि उरतात फक्त त्यातल्या सळ्या आणि खालचा पोलादी बीम. त्यात आडवा जोर आला की बीमच्या एका टोकाला स्लॅब दाबात आणि दुसऱ्या टोकाला ताणात. मग बीमचा ताठरपणा कुठला? आडव्या जोराच्या चौकटीसाठी दोन्हींची सरासरी धरण्याची वाट प्रचलित आहे. नुसत्या तुळतुळीत, न तडकलेल्या बीमचा आकडा टाकून मोकळं होणाऱ्या डिझायनरने आपल्या व्याजाचा दर खोटा सांगितला असं समजा.

स्लॅबची मदत कशी अंगाशी येऊ शकते हे १७ जानेवारी १९९४ ला कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिज भूकंपात दिसलं. शंभरहून अधिक पोलादी मोमेंट फ्रेम इमारतींत बीम-खांब सांध्याचे वेल्ड तडकलेले सापडले, आणि त्यात खालच्या फ्लँजचे (बीमच्या तळाच्या आडव्या पट्टीचे) वेल्ड जास्त. मुख्य दोष वेल्डच्या चिवटपणाचा आणि सांध्याच्या तपशिलाचा होता. पण वर स्लॅब असल्यामुळे वाकण्याची मधली शून्य रेघ, जिथे दाबही नसतो आणि ताणही नसतो, ती वर सरकते आणि खालच्या फ्लँजवर ताण आणखी पडतो, हेही त्यात होतं. हिशोबात ज्याला धरलं नव्हतं तो स्लॅब सांध्यात मात्र हजर होता. त्या इमारतींपैकी एकही कोसळली नाही, हेही नोंदवायला हवं.

परत आपल्या ४ मीटरच्या मजल्याकडे. समजा बीमना ०.८, खांबांना ०.६४ लावून मजल्याचा एकूण ताठरपणा ०.७ पट झाला. मग १२ मिमीचे १७.१ मिमी होतात, व्याजाचा दर १० चा १४.३ टक्के होतो आणि फेरे संपता संपता सरकणं जातं २० मिमीवर. युरोकोडच्या भाषेत सांगायचं तर मूळ मजला दहाच्या वेशीवर होता, म्हणजे सध्याचं वजन दहापट केल्यावर पडणारा. या वेशीच्या वर असाल तर पी-डेल्टा सोडून द्यायला परवानगी आहे. मऊपणा कबूल केल्यावर तोच मजला सातवर येतो. एक इशारा: हा मऊ केलेला ताठरपणा फक्त ताकद तपासायला. सरकण्याच्या मर्यादेला किंवा कंपनाला तो वापरायचा नाही, तिथे रोजचं वागणं हवं असतं. १६ मिमीच्या मर्यादेशी २० मिमी ताडून घाबरलेले विद्यार्थी मी पाहिलेत.

शेवटचा मुद्दा कॉम्प्युटरमध्ये सहसा नसतोच. कंपोझिट इमारत कंपोझिट होते ती काँक्रीट घट्ट झाल्यावर. क्रेनचं भाडं चालू असतं, म्हणून पोलाद काही मजले पुढे पळतं आणि स्लॅब मागून येतो. त्या आठवड्यांत वरचे मजले म्हणजे रिकाम्या नळ्या, अर्धवट आवळलेले बोल्ट, स्टडविना उघडे बीम, आणि डेकवर ओलं काँक्रीट: वजन पुरेपूर, ताठरपणा शून्य. नळीत ४ मीटर उंच ओलं काँक्रीट एका दमात ओतलं तर तळाशी पत्र्यावर चौरस मीटरला साडेनऊ टनांच्या आसपास दाब येतो, आणि चौकोनी नळीच्या सपाट बाजू बाहेर फुगतात. म्हणून एकावेळी किती उंची ओतायची आणि पोलाद स्लॅबच्या किती मजले पुढे जाऊ द्यायचं, हे ड्रॉइंगवरच लिहावं लागतं. कायमचा तिरका दांडा नसलेल्या या इमारतीला त्या काळापुरते टर्नबकलने (पिळून ताण देणाऱ्या स्क्रूने) ताणलेले तिरके वायररोप बांधतात. ते कधी सोडायचे तेही ड्रॉइंगवरच असावं लागतं, कारण काम पुढे सरकलं की खालचा फिटर ते वरच्या मजल्यासाठी मागायला येतोच.